बॅटरीची करवत: वस्तीवर घ्यायचा एक पाठ

शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. भीमेच्या आणि घोडच्या काठाने, कालव्यांच्या कडेला, पडीक रानात जिकडे पाहावे तिकडे वेडी बाभूळ माजलेली आहे. हे झाड मूळचे इथले नाही. अमेरिकेकडचे हे झाड १८७०च्या दशकात भारतात आणले गेले आणि मग आवरेनासे झाले. पण त्याच्या लाकडाचा कोळसा चांगला होतो. म्हणून दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे कोळशाच्या भट्ट्यांवर येतात, लाकूड तोडतात, रचतात, भट्टी लावतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. इथली भिल्ल, ठाकर आणि पारधी कुटुंबेही बांध साफ करणे, फांद्या छाटणे, सरपण फोडणे अशी कामे रोजाने करतात.

लाकूड कसे तोडावे हे या माणसांना शिकवायला जाणे म्हणजे माशाला पोहायला शिकवणे. कातकरी हे नावच खैराच्या लाकडापासून कात काढण्याच्या धंद्यावरून पडले आहे. कुऱ्हाड आणि कोयता यांची ओळख त्यांना लहानपणापासून असते. हत्यार किती जोराने येते, कुठे घसरते, कधी थांबते हे हाताला ठाऊक असते, कारण ते हत्यार हाताच्याच जोरावर चालते.

गेल्या काही वर्षांत मात्र वस्त्यांवर आणि भट्ट्यांवर बॅटरीची करवत दिसू लागली आहे. शेतमालक किंवा मुकादम ती आणून देतो. पेट्रोलच्या करवतीसारखा दोरी ओढायचा त्रास नाही, धूर नाही, आवाजही कमी. लहान करवत तर एका हातात मावते आणि खेळण्यासारखी वाटते. खरा धोका इथेच आहे. पेट्रोलची करवत सुरू असली की तिच्या आवाजाने मूलसुद्धा लांब पळते. बॅटरीची करवत बोट दाबेपर्यंत गप्प असते आणि बोट दाबताच त्याच क्षणी पूर्ण वेगाने धावते. ती कुऱ्हाडीसारखी हाताच्या जोरावर चालत नाही. म्हणून कुऱ्हाडीचा अनुभव इथे अर्धाच कामाला येतो.

हा पाठ आपल्या कार्यकर्त्यांनी वस्तीवर तासाभरात घ्यावा असा लिहिला आहे. बहुतेकांना वाचता येत नाही, म्हणून तीन गोष्टी तोंडपाठ करून घ्याव्यात: बॅटरी बाहेर, दोन्ही हात, दोन झाडांचे अंतर. बाकीचे सगळे या तिघांच्या आधाराने समजते.

१. आधी हत्यार ओळखा

पाठाच्या वेळी करवतीची बॅटरी काढून ती दुसऱ्या माणसाकडे द्यावी आणि मगच करवत सर्वांच्या हातात फिरवावी. लांब लोखंडी पट्टीला बार म्हणतात. तिच्याभोवती दातांची चेन फिरते. मोठ्या करवतीची चेन एका सेकंदात वीस मीटरच्या आसपास अंतर कापते, म्हणजे हात मागे घ्यायला माणसाला वेळ मिळतच नाही.

मोठ्या करवतीत पुढच्या मुठीसमोर एक ढाल असते. ती पुढे ढकलली की चेन ब्रेक लागतो आणि चेन थांबते. बटणाजवळ आणखी एक कळ असते. ती दाबल्याशिवाय बटण दबत नाही. ही कळ चिकटपट्टीने कायमची दाबून ठेवायची खोड काही ठिकाणी दिसते. तशी करवत कोणी दिली तर ती हातात घेऊ नये. बाजारातल्या स्वस्त लहान करवतींपैकी अनेकींना चेन ब्रेक नसतो. म्हणजे जी खेळण्यासारखी वाटते तिच्यातच वाचवणारी सोय कमी असते, हे स्पष्ट सांगावे.

२. बॅटरी बाहेर

या पाठातला हा सर्वांत मोठा नियम आहे. बटणावरचे बोट काढले म्हणजे करवत बंद झाली असे नाही. बॅटरी बाहेर काढली, तरच करवत बंद. चेनमध्ये अडकलेली काडी काढताना, चेन ताणताना, दाताला कानस लावताना, तेल भरताना, करवत दुसऱ्याच्या हातात देताना, खांद्यावर टाकून दुसऱ्या झाडाकडे जाताना, जेवायला बसताना, दर वेळी बॅटरी बाहेर.

एका भट्टीवरच्या तरुणाची गोष्ट मी वस्त्यांवर नेहमी सांगते. चेनमध्ये साल अडकली होती. करवत मांडीवर आडवी घेऊन तो ती डाव्या हाताने ओढून काढत होता. बॅटरी आतच होती. उजव्या हाताची पकड सावरताना कळ आणि बटण दोन्ही दाबले गेले. डाव्या हाताची दोन बोटे गेली. दवाखान्याचा पहिला खर्च मुकादमाने केला आणि तो उचलीच्या वहीत त्याच्याच नावावर मांडला. इजा झाली एका क्षणात, पण तिचे कर्ज पुढच्या हंगामापर्यंत चालत आले. बॅटरी काढायला किती वेळ लागतो हे पाठाच्या वेळी मोठ्याने आकडे मोजून दाखवावे. तीनपर्यंत मोजायच्या आत ती निघते.

३. सुरू करण्याआधी

चेनचा ताण पाहावा. जाड हातमोजा घालून चेन मधोमध धरून बारपासून ओढावी. ती थोडी उचलली जावी, पण तिचे खालचे दात बारच्या खाचेतून पूर्ण बाहेर येऊ नयेत. हाताने ओढली तर ती सहज फिरली पाहिजे. काम करताना चेन तापून सैल होते, म्हणून मध्येच पुन्हा पाहावे. तापलेली असताना घट्ट केलेली चेन गार झाल्यावर आवळते, म्हणून काम संपल्यावर ती सैल करावी.

बॅटरीच्या करवतीला पेट्रोल लागत नाही म्हणून तेलही लागत नाही, असा समज आहे. तो चुकीचा आहे. चेनला तेल लागतेच. गाडीचे जळके ऑइल घालू नये; त्यात धातूचा कीस आणि घाण असते. तेल येते की नाही हे पाहायला करवत क्षणभर चालवून बारचे टोक फिकट रंगाच्या लाकडासमोर, न टेकवता धरावे. तेलाची बारीक रेघ उमटते.

धार गेली की करवत स्वतः सांगते. धारदार चेन लाकडाच्या ढलप्या उडवते, बोथट चेन पिठासारखा भुसा पाडते. बोथट झाली की माणूस जोर लावू लागतो आणि तिथेच घात होतो. आपल्या नदीकाठच्या झाडांच्या बुंध्यांत वाळू आणि गाळ बसलेला असतो. त्याला चेन लागली की धार लगेच जाते. म्हणून बुंधा आधी कोयत्याने खरवडून घ्यावा. बांधावरच्या जुन्या बाभळीत काटेरी तार किंवा खिळा रुतलेला असतो, तोही शोधावा.

४. अंगावर काय असावे

डोळ्यांवर चष्मा किंवा जाळीचा मुखवटा हवाच. वेड्या बाभळीचा उडालेला काटा डोळ्यात गेला तर नजर जाते. पायात चप्पल नको, पुढे लोखंडी टोपी असलेले बूट हवेत. डोक्याला हेल्मेट हवे. आवाज कमी असला तरी दिवसभर ऐकला तर कानाला बाधतोच, म्हणून कानात बोंडे घालावीत. करवत चालवणाऱ्यांसाठी खास पँट मिळते. चेन लागली की तिच्या आतले लांब धागे बाहेर येऊन चाकात अडकतात. ती महाग असते, पण ती आणणे मालकाचे काम आहे. दोन जीन्स एकावर एक घातल्या म्हणजे चेन अडेल, अशा समजुतीवर राहू नये.

पदर, ओढणी, धोतराचा सोगा, गळ्यातला गमछा, मोकळे केस आणि हातातले कडे यांपैकी काहीही करवतीजवळ नको. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या हातात करवत द्यायची नाही. धोक्याच्या कामाला त्या वयाची मुले लावणे कायद्यानेही गुन्हा आहे. दारू प्यालेल्याला करवत द्यायची नाही, आणि एकट्याने रानात जाऊन ती चालवायची नाही. हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या अंतरावर दुसरे माणूस असलेच पाहिजे.

५. दोन्ही हात आणि उलटा झटका

बारच्या टोकाचा वरचा चतकोर भाग खडूने रंगवून दाखवावा. चालू चेनचा हा भाग लाकडाला, दुसऱ्या फांदीला किंवा दगडाला लागला, तर करवत उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडे आणि मानेकडे येते. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे घडते. म्हणून टोकाने कापायचे नाही. बारचा मुठीजवळचा भाग लाकडाला टेकवून कापायचे.

डावा हात पुढच्या मुठीवर, आणि अंगठा मुठीखालून वळवून घेतलेला. उजवा हात मागच्या मुठीवर. डावा हात कोपरात फार वाकवायचा नाही. स्वतः करवतीच्या रेषेत न राहता थोडे डावीकडे उभे राहायचे. मग उलटा झटका आलाच तर करवत खांद्यावरून निघून जाते. खांद्याच्या वर करवत उचलायची नाही. शिडीवर किंवा झाडावर चढून ती चालवायची नाही.

लहान करवतीत एक वेगळी सवय लागते. माणूस एका हाताने फांदी धरतो आणि दुसऱ्याने करवत चालवतो. फांदी संपते तिथे हात असतो. लहान करवतीवरही शक्य तिथे दोन्ही हात ठेवावेत, आणि लाकूड धरायला हाताऐवजी घोडी वापरावी. दोन दुबेळकी फांद्या जमिनीत रोवल्या की घोडी तयार होते, तिला पैसा लागत नाही.

६. वेडी बाभूळ कशी घ्यावी

या झाडाला एक सरळ बुंधा क्वचित असतो. एकाच खुंटातून पाच-सहा खोडे निघतात आणि फांद्या एकमेकींत गुंततात. आधी कोयत्याने खालचे काटे काढून उभे राहायला जागा आणि मागे सरायला वाट करावी. शिरूरकडे बिबट्या, आणि सगळीकडेच साप आणि मोहळ. म्हणून झुडपात आधी काठी आपटून पाहावे. मग बाहेरून आत जावे. कापलेले आकडीने ओढून बाजूला करावे आणि मगच पुढची फांदी घ्यावी. बाभळीचा काटा सांध्यात मोडून राहिला तर तो सांधा कित्येक दिवस सुजतो, म्हणून तो तसाच सोडू नये.

ताणलेली फांदी हा दुसरा धोका. पाठाच्या वेळी एक ओली काडी वाकवून दाखवावी. बाहेरची बाजू ताणते, आतली दबते. दबलेल्या बाजूने खोल कापले तर बार चिमटला जातो, ताणलेल्या बाजूने एकदम कापले तर फांदी फटकन उसळते. एका टोकाने लोंबणाऱ्या फांदीला आधी खालून तिसरा हिस्सा कापावे, मग वरून. दोन्ही टोके टेकलेल्या ओंडक्याला आधी वरून तिसरा हिस्सा, मग खालून. बार अडकलाच तर बटण दाबून ओढू नये. बॅटरी बाहेर काढावी आणि पाचर किंवा पहार घालून लाकूड उचलावे.

उभे झाड पाडणे हे शिकलेल्या माणसाचे काम आहे. नव्याने बारच्या लांबीपेक्षा जाड खोडाला हात घालू नये. शिकलेल्यानेही पडण्याच्या बाजूला आधी खाच करावी, जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शापर्यंत. मागून कापताना मध्ये जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढे लाकूड शिल्लक ठेवावे. ते बिजागरीचे काम करते आणि झाड ठरल्या बाजूला झुकते. झाड हलले की मागे तिरक्या वाटेने निघून जावे, पाहत उभे राहू नये.

झाड पाडताना त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतरात दुसरे कोणी नको. हा नियम मी खास बायकांसमोर सांगते, कारण लाकूड वेचायला त्याच जवळ जातात आणि कडेवरचे मूलही बरोबर जाते. पाडलेले लाकूड तुकडे करतानाही निदान पंधरा पावले लांब राहावे. वेचणाऱ्यांनी, चालवणाऱ्याने बॅटरी वर करून दाखवल्याशिवाय पुढे यायचे नाही, अशी खूण ठरवावी. विजेच्या तारेजवळची फांदी तर कोणीही कापू नये. महावितरणला १९१२ या क्रमांकावर कळवावे आणि तार बंद झाल्याची खात्री झाल्यावरच तिथे जावे.

आणखी एक सावधगिरी. आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, चंदन यांसारखी झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ चा राज्याचा कायदा तसे सांगतो. करवत ज्याच्या हातात सापडते, तोच आधी पकडला जातो. म्हणून परवानगीचा कागद मालकाकडे मागून पाहावा.

७. बॅटरीची काळजी

ही लिथियमची बॅटरी असते. दौंडच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, आणि बहुतेक बॅटऱ्या त्या उष्णतेत चार्ज करू नयेत असेच बनवणारे सांगतात. पत्र्याच्या खोपीत, उन्हात किंवा भट्टीजवळ ती चार्ज करू नये. कामावरून आलेली गरम बॅटरी आधी सावलीत गार होऊ द्यावी. जवळ पाचट, कोळशाची पोती, अंथरूण नको. रात्री सगळे झोपलेले असताना चार्जर चालू ठेवू नये. तारेवर आकडा टाकून घेतलेल्या विजेवर तर मुळीच नको. दुसऱ्या बॅटरीचा चार्जर वापरू नये. फुगलेली, फुटलेली किंवा पाण्यात पडलेली बॅटरी पुन्हा लावू नये. खिळे आणि नाणी असलेल्या पिशवीत ती टाकू नये.

बॅटरीने पेट घेतला तर माणसे लांब न्यावीत, धूर नाकात जाऊ देऊ नये, विजेचा पुरवठा तोडावा आणि मग लांबून भरपूर पाणी मारावे. खराब बॅटरी भट्टीत किंवा चुलीत टाकू नये, ती फुटते. ती विकणाऱ्याला परत द्यावी. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी बनवणाऱ्या कंपन्यांवर टाकली आहे.

जड लाकडात एक बॅटरी फार वेळ पुरत नाही. ती संपली की दुसरी लगेच लावण्याआधी पाणी प्यावे, चेन पाहावी, हात मोकळे करावेत. थकलेल्या हातांना पकड सांभाळता येत नाही.

८. लागलेच तर

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावे आणि सोडून पाहू नये. कापड भिजले तर त्यावर दुसरे ठेवावे. हळद, चुना, तंबाखू, माती काहीही भरू नये. १०८ ला फोन करावा. दाबूनही हातापायाचे रक्त थांबत नसेल आणि जीव धोक्यात असेल, तर जखमेच्या वर, सांधा सोडून, रुंद पट्टी आवळावी आणि वेळ लक्षात ठेवावी. बोट तुटले तर ते स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे. ती पिशवी बर्फात ठेवावी, बोट थेट बर्फात नको. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावेच. कामाच्या ठिकाणाचा पत्ता, जवळचा फाटा आणि वाहन कोणाचे मिळेल हे सकाळीच ठरलेले असावे. बाहेरगावाहून आलेल्या कुटुंबाला हे ठाऊक नसते.

९. जबाबदारी कोणाची

इतके सांगितल्यावर एक जण नक्की म्हणतो, "ताई, सगळं खरं, पण पोत्यामागं पैसा मिळतो. थांबलो तर भरायचं काय?" हा प्रश्न टाळून पाठ पुरा होत नाही. ज्याच्या डोक्यावर उचल आहे, त्याला बोथट चेन टाकून देता येत नाही, हेल्मेट मागता येत नाही, दमलो म्हणता येत नाही. म्हणून हा पाठ मजुराइतकाच मालकाला आणि मुकादमालाही द्यावा.

अनुवादाच्या पुस्तकात लाकूड तोडताना कुऱ्हाडीचे पाते निसटून शेजारचा मरतो, त्या प्रसंगाचा विचार एकोणिसाव्या अध्यायात केला आहे. त्याच पुस्तकाच्या बाविसाव्या अध्यायात नवे घर बांधणाऱ्याला धाब्याला कठडा करायला सांगितले आहे, म्हणजे कोणी पडून मेल्यास दोष त्या घरावर येऊ नये. अपघात कोणाच्या मनात नसतो, पण कठडा करणे हे घर ज्याचे त्याचे काम. करवतीचा कठडा म्हणजे चष्मा, बूट, हेल्मेट, चांगली चेन आणि थांबण्याची मुभा.

कायदाही मजुराच्या बाजूने आहे. कामावर झालेल्या इजेबद्दल मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क देशात १९२३ पासून आहे. उचलीच्या मोबदल्यात माणसाला बांधून ठेवणे १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने गुन्हा आहे, आणि त्याची तक्रार तहसीलदार, प्रांत किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे करता येते. काम सुरू होण्याआधी दोन गोष्टी दोन साक्षीदारांसमोर बोलून घ्याव्यात: साधने कोण देणार, आणि लागले तर दवाखान्याचा खर्च उचलीत मांडायचा नाही.

बँकेत खाते असेल तर वर्षाला वीस रुपयांत प्रधानमंत्री सुरक्षा विमा निघतो. अपघाती मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये, एक हात, एक पाय किंवा एक डोळा कायमचा निकामी झाल्यास एक लाख मिळतात. एखाददुसरे बोट गेल्यास मात्र काहीच मिळत नाही. विमा जरूर काढावा, पण बोट आपणच सांभाळायचे आहे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या वस्तीवर किती करवती आहेत? त्या कोणाच्या आहेत? किती जणींना चेन ब्रेक आहे?
२. बॅटरी बाहेर काढण्याच्या वेळा प्रत्येकाने तोंडी सांगाव्यात. कोणती वेळ जास्त जण विसरतात?
३. कापणे चालू असताना लहान मुले कुठे असतात? त्यांच्याजवळ कोण बसेल?
४. उद्या कामावर कोणाला लागले, तर पहिला फोन कोण करेल आणि वाहन कोणाचे?
५. चष्मा आणि बूट मागायला मालकाकडे कोण जाईल? एकटा जाईल की चौघे मिळून?

कार्यकर्त्यांनी पाचव्या प्रश्नाचे उत्तर नावासह वहीत लिहून घ्यावे, आणि पंधरा दिवसांनी पुन्हा वस्तीवर जाऊन बूट आले का ते पाहावे.